खाऱ्या ओढ्याचा झरा आणि पाडलेले झाड

मी टॅम्सन रडिक, कै. एबनेझर रडिक याची विधवा, राहणार खारा ओढा, केंटकी राज्य, हे स्वतःच्या हाताने लिहिते. पाय गेले, डावा डोळा गेला, दात केव्हाचेच गेले, डोके आहे. ते नाही असे ज्याला म्हणायचे असेल त्याने शेवटपर्यंत वाचून मग म्हणावे. अक्षर वाकडे आहे, कारण मी केस पिकल्यावर बायबलावरून गिरवायला शिकले. अर्थ सरळ आहे.

आत्मा देवाचा, त्याने न्यावा. देह माझी सून रोडा हिने जुन्या गोधडीत गुंडाळावा, नवी वाया घालवू नये. माझा थोरला मुलगा ईनक याने माझ्या शवपेटीसाठी अक्रोडाच्या फळ्या आधीच कापून ठेवल्या आहेत असे कळले. त्यांचे त्याने टेबल करावे.

कलम पहिले. घर आणि जमीन. लोक या रानाला एबनेझरचे रान म्हणतात. एबनेझरने डोंगर ओलांडून येऊन चार झाडांवर कुऱ्हाडीने खुणा केल्या, आणि पहिल्याच उन्हाळ्यात मीठ आणायला गेला तो परतला नाही. शॉनी टोळीने मारला, नदीने नेला, की कुठे दुसरीच्या चुलीपुढे जाऊन बसला, देवाला ठाऊक. खुणा करून रान कोणाचे होत नाही. मका पेरील त्याचे रान, हा तेव्हाचा कायदा. उभ्या झाडांची साल गोल सोलून झाडे वाळवली आणि बुंध्यांमधून मका टोकला तो मी. ईनक पाठीवर होता, लेव्ही पोटात. त्या मक्यावर माझ्या नावाचा कागद झाला. म्हणून हे माझे, आणि द्यायचेही मीच.

उत्तरेचे शेत सोडून बाकी सर्व मी माझ्या धाकट्या मुलाची, लेव्हीची, विधवा रोडा हिला देते, तिच्यामागे तिच्या तिन्ही मुलांना. रोडा आळशी आहे. तिची मक्याची भाकरी एका बाजूने करपते आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहते, आणि मेलेल्या नवऱ्यासाठी ती अजून डोळे पुसते, ज्याने चूल पेटत नाही. पण ती इथे राहिली. बाकीचे निघण्याच्या तयारीत आहेत.

कलम दुसरे. माग, चरखा आणि जवसाच्या सुताचा सगळा पिळा रोडाच्या मुलीला. साखरेच्या झाडांचा, मेपलचा, रस आटवायची मोठी कढई रोडालाच. ती शेजारी देऊ नये, शेजारी गेलेली कढई भोक पडून येते. बंदूक विकावी. पाद्रीबाबांना काही नाही. लेव्हीला पुरताना ते म्हणाले की देवाची इच्छा. देवाला विहीर खणायची हौस नव्हती, ती वेळ माणसांनी आणली. कोणी, ते पुढे लिहिते.

कलम तिसरे. झरा. माझ्या रानाचा वरचा कोपरा म्हणजे एक पांढरा ओक होता, चारी बाजूंनी तीन तीन घाव घातलेला. झरा त्याच्या खाली, माझ्या बाजूला. कागदात असेच लिहिले आहे. त्या ओकाच्या पोकळीत मधमाश्या बसल्या. आमच्याकडे रीत अशी की मधाचे झाड ज्याला दिसेल त्याने त्यावर आपले अक्षर कोरावे. जमीन कोणाची का असेना, मध त्याचा, आणि मधासाठी झाड पाडले तरी कोणी बोलत नाही. वरच्या रानाचा गिडियन प्रुइट ईनकला म्हणाला की पोरा, अक्षर मी कोरलंय, पण मध तू घे, एवढं झाड काय मला पेलणार आहे. ईनक तेव्हा मिशा फुटलेला घोडा होता, आणि प्रुइटच्या मुलीच्या, केतुराच्या, मागे होता. त्याने माझा कोपरा तोडला आणि मला बादलीभर मध आणून दिला. घाव दिसले नाहीत का, विचारले. म्हणाला, माश्या दिसल्या.

तो हिवाळा संपायच्या आत तिथला बुडखा जळून राख झाला. वीज पडली, असे प्रुइट म्हणाला. बर्फात वीज.

वसंतात गावकरी हद्द चालायला आले, चालतात तसे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. प्रुइटने झऱ्याच्या खालचा, माझ्या रानातला, एक ओक कोपरा म्हणून दाखवला. त्यावरचे घाव इतके ताजे होते की रस गळत होता. पंचांनी ईनकला विचारले, "झाड तू पाडलंस ना? कुठं होतं?" ईनकने टोपी हातात फिरवली. म्हणाला, "आठवत नाही." झरा प्रुइटचा झाला. मक्याची कणसे भरायच्या आत केतुरा ईनकची झाली. लग्नाला मी गेले नाही, आणि तिच्याशी आजवर बोलले नाही.

ओढ्याच्या पाण्यात घेवडा शिजत नाही आणि तान्हे मूल ते पीत नाही. रोडाला पहिले मूल झाल्यावर लेव्ही विहीर खणायला लागला. तीन विहिरींना खारे पाणी लागले. चौथ्या खड्ड्यात खाली वाईट हवा होती. मेणबत्ती खाली सोडून ती विझते का बघायला हवे होते, पण पोर वर रडत होते आणि त्याला घाई होती. दोर बांधून दुसऱ्याला उतरवला तेव्हा लेव्ही भिंतीला टेकून बसला होता, झोपल्यासारखा.

प्रुइट गेल्या वर्षी मेला. झरा आता केतुराचा, म्हणजे ईनकचा. ईनक म्हणतो, "आये, आमच्या झऱ्यावरनं न्या की पाणी, कोण अडवतंय?" आमच्या, म्हणतो. आणि पुढच्या वसंतात तो ते रान विकून मिसुरीकडे निघाला आहे. घेणारा आतापासून कुंपणासाठी लाकडाच्या पट्ट्या चिरतो आहे. मग रोडाची मुले काय पितील?

म्हणून तो झरा मी रोडाला देते. तो माझाच होता. माझी साक्ष माझ्याच फायद्याची म्हणून धरत नाहीत, आणि झाड कुठे उभे होते हे सांगणारा दुसरा एकच माणूस जिवंत आहे, ते पाडणारा.

कलम चौथे. उत्तरेचे शेत, या ओढ्यावरचे सर्वांत चांगले, ईनकला. पण पंच ऑल्डरिज म्हणाले की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही घेता येत नाही, त्याच्या बायकोलाही नाही, कारण कायद्याला नवराबायको एकच. आणि तिसऱ्या कलमाखाली साक्ष देणारा झाडाच्या जागेचीही शपथ घेतो, असे मी त्यांच्याकडून ठरवून घेतले आहे. तेव्हा ईनकने सही केली तर झरा रोडाचा आणि शेतही रोडाचे. नाही केली तर शेत त्याचे, त्याने विकावे, आणि मिसुरीत सुखी व्हावे.

वरचे लिहून झाल्यावर आज सकाळी सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचले. पुढे काय झाले तेही लिहिते, म्हणजे नंतर कोणाला आठवत नाही असे होणार नाही.

ऑल्डरिजनी सही केली, लोहार टीगने केली. मी लेखणी ईनककडे सरकवली. त्याने ती उचलली. मग म्हणाला, "आये, झाड पडून पंचवीस वर्षं झाली. लेव्ही काय परत येणारे?"

मी म्हटले, "तहान लेव्हीला नाही लागलेली."

त्याने लेखणी खाली ठेवली.

तेव्हा दारात उभी असलेली केतुरा पुढे आली. ऑल्डरिजनी तिला बजावले की बाई, तुमची खूण झाली तर शेत गेले आणि झराही गेला. ती म्हणाली, कळते मला. ईनक म्हणाला, "तुला काय माहितीय त्यातलं?"

"बुडखा बाबांनी जाळला तेव्हा सरपण मी वाहिलं," ती म्हणाली. "झऱ्याच्या वर, त्या सपाट खडकाला लागून. राखेखाली मुळं असतील अजून. खणून बघा."

"मग आजवर का नाही बोललीस?" ईनकने विचारले.

"तुम्ही बोलाल म्हणून."

तिला लिहिता येत नाही. तिने फुली केली, लेखणी फार बुडवली म्हणून शाई सांडली. तो डाग खाडाखोड समजू नये. ईनक बाहेर निघून गेला. मी केतुराला बसायला सांगितले. ती बसली.

हे सर्व मी वाचले, मला मान्य आहे, यात मी काही बदलणार नाही.

टॅम्सन रडिक

खारा ओढा, केंटकी. नोव्हेंबर ९, १८१६.

साक्षीदार:
मॅथ्यू ऑल्डरिज, पंच
जोसाया टीग, लोहार
केतुरा रडिक, तिची फुली ✕
ईनक रडिक याची जागा रिकामी ठेवली आहे. ती कोणी भरू नये.