दादाच्या गाडीचं स्टिअरिंग

४ फेब्रु. ७३
निरोप आला तसा एस.टी.नं जतकडं. दादाची गाडी ओढ्यात आडवी. डिस्पोजलमधून घेतलेला लष्करी ट्रक, त्यावर अण्णा मगदुमांचं बोअर मारायचं मशीन आणि कॉम्प्रेसर. पुढच्या चाकांवर एवढं वजन कधीच नव्हतं. दगडावर चाक चढलं आणि चाक वळवणारा लांब दांडा काकडीसारखा वाकला. तिथंच ठोकून सरळ केला. सरळ म्हणजे काय, गाडी सांगलीला येईल इतपत.
दादाचा उजवा अंगठा सुजलेला. स्टिअरिंग उलटं फिरलं तेव्हा त्याच्या चाकाची आरी अंगठ्यावर बसली. "मुरगाळलाय रं, काय न्हाई." फडकं बांधलं.

७ फेब्रु.
नवा दांडा. भरीव, जुन्यापेक्षा बराच जाड. दिवसभर लेथवर. मधे लाइट गेली, नुसता बसून राहिलो. अण्णा मगदूम येऊन गेले. मशीन त्यांचं, गाडी आमची. "मिस्त्री, आटपाडीच्या अंगाला गावं वाट बघत्यात. टँकर बी चढत न्हाई तिथं. तुमच्या दादाबिगर कोण गाडी घालणार वर?"
दादा पलीकडं ऐकत होता. हात खिशात.

१२ फेब्रु.
दांडा टिकला. आता स्टि. बॉक्सखालचा आर्म पिळला. एक घट्ट केलं की पुढचं बोंबलतं.
आर्मला वेल्डिंग मारायचं नाही. मी पलटणीत होतो तेव्हा वर्कशॉपात उस्ताद यावरून ओरडायचे. चालत्या गाडीत तो तुटला तर धरायला काही उरत नाही. म्हणून साताऱ्याला गेलो. भंगारात तसल्याच पण मोठ्या ट्रकचा सापडला, दात जुळले. येताना एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो. शेजारची बाई, "काय हाय वं ह्ये?" काय सांगणार. म्हटलं, गाडीचा हात.

१७ फेब्रु.
बॉक्सचे बोल्ट बसतात तिथं चासीला चीर. केसाएवढी. तेल पुसलं म्हणून दिसली, नाहीतर...
आतून-बाहेरून जाड पट्टी मारली. शिवाय बॉक्सपासून पलीकडच्या चासीपर्यंत आडवा पाइप. गाडीखाली उताणा पडून मान धरली. डोळ्यांत वेल्डिंग गेलं. बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलो तर झोप पण नाही.
दादानं सगळं हलवून बघितलं. "आता हत्ती बांधला तरी हलायचं न्हाई." लय खूष.

२२ फेब्रु.
वहिनी गॅरेजवर आल्या. एरवी कधी येत नाहीत. डबा ठेवला आणि उभ्याच.
"भावजी, ह्यांचा हात वर हुईना. सदरा मी घालते अंगात. भाकरी डाव्या हातानं मोडत्यात."
म्हटलं, "मला बोलला न्हाई."
"तुमास्नी कसं बोलतील? तुमी एवढी गाडी नीट करताय." मग जाता जाता, "त्यास्नी खाली उतरवा. माझं ऐकत न्हाईत."
त्या गेल्यावर गाडीखाली जाऊन नुसता बघत बसलो. आधी दगडाचा दणका दांडा खायचा. मग आर्मनं खाल्ला, मग चासीनं. आता काहीच वाकत नाही. दणका सरळ वर जातो, दादाच्या खांद्यात. म्हणजे काम चोख झालंय माझं.

२६ फेब्रु.
जीपचा जुना शॉक अॅब्सॉर्बर आडवा बसवला. एक टोक अॅक्सलला, दुसरं दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडला. झटका जरा मरतो. नदीकाठच्या खड्ड्यांतून दादानं फिरवून बघितली, म्हणाला बरं वाटतंय. पण स्टि. जड झालं. वळवताना त्याचे ओठ पांढरे पडले, ते मी बघितलं. मी बघितलं हे त्यानं बघितलं.
"दादा, थोडं दिस मी चालवतो."
"तू मिस्त्री हाईस. खालचं तू बघ. वरचं मी बघतो."
हत्यारं पुसून ठेवली. जेवण पण नाही धड.

२ मार्च
आटपाडीकडं. मी बरोबर, हत्यारांची पेटी घेऊन. शेवटची चढण नुसती दगडांची. गावची माणसं खाली आली होती, पुढं होऊन दगड सारत होती. बायकासुद्धा, घागरी कडेला ठेवून.
निम्म्यात दादानं ब्रेक मारला. इंजिन चालू. उजवा हात स्टि.वरून घसरून मांडीवर पडला. तो त्यानं डाव्या हातानं उचलून परत वर ठेवला. परत घसरला. 
मग म्हणाला, "सदा, ह्या बाजूला ये."
तो उतरला. भरल्या वजनानं असली चढण मी कधी चढवली नव्हती. दादा पुढं, माझ्याकडं तोंड करून उलटा चालत, डाव्या हातानं इशारा. डावीकडं. थोडं. थांब. ये. स्टि. एवढं जड की माझ्याच खांद्यात कळ आली. हा माणूस एवढे दिवस...
वर पोचलो. सरपंचांनी नारळ दादाच्या हातात दिला. दादानं तो माझ्याकडं दिला, "फोड." मान दिला असं लोकांना वाटलं.

४ मार्च
पाणी लागलं. फार नाही, थोडं मचूळ, पण लागलं. एक म्हातारी दादाच्या गालावरून हात फिरवून गेली. त्याला अवघडल्यासारखं झालं.
माझं अंग मोडून आलंय. दादाशी बोलायचं म्हणून दोनदा जवळ गेलो, दोन्ही वेळा त्यानं टायरच्या हवेचं विचारलं.

५ मार्च
सकाळी मशीन बांधलं. पुढचं गाव डोंगरापलीकडं, वाट ह्याहून वाईट म्हणतात. निघताना गाडीपाशी गेलो. दादा पुढच्या बंपरला टेकून उभा. त्याला सगळ्या नटांवरून पाना फिरवला म्हणून सांगितलं. त्यानं मान हलवली.
"चल, बस," म्हणाला.
कुठल्या बाजूनं चढायचं, स्टि.च्या की पलीकडच्या, ते मला कळेना. तोपण जागचा हलला नाही.