आईच्या वॉर्डात

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल लिहिलं त्यात एक चूक आहे. लिहिलं होतं की नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षी आईच्या हॉस्पिटलात पंधरा दिवस पोस्टिंग होती, तेव्हा घाईघाईत माझ्या तोंडून आईला "मावशी" गेलं. घाई नव्हती. वॉर्ड शांत होता. आई बादली घेऊन आली. माझ्या बाजूला मुग्धा आणि वर्गातल्या आणखी तिघी उभ्या होत्या. मी नीट विचार करून म्हटलं, "मावशी, इकडे पुसून घ्या."

घ्या!

आईने पुसलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वॉर्डातल्या सगळ्या आयांना मावशीच म्हणतात, हे खरं. पण मी त्यामुळे म्हटलं नव्हतं. ही माझी आई आहे हे त्या मुलींना कळू नये म्हणून म्हटलं होतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दोन पत्रं. एक इथलंच, रामदासपेठेतलं, आईच्या हॉस्पिटलचं — स्टाफ नर्स, सर्जरी वॉर्ड. नेमका आईचाच वॉर्ड! अकरा वर्षं ती तिथे आहे. दुसरं उमरेडच्या लहान हॉस्पिटलचं. वीस खाटा, बाळंतपणं जास्त, राहायला सुभद्राआत्याचं घर. दोघांनाही या पंधरवड्यात उत्तर हवं.

सर्जरी वॉर्ड मला पहिल्या वर्षापासून हवा होता. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे मी नक्की म्हणेन की मला उमरेडच जास्त आवडलं.

परवा मुलाखतीत मेट्रन मॅडमनी विचारलं होतं, "आयांच्या ड्युटीवर सही सिस्टरची असते. आईचं काम राहिलं तर तिच्या नावाने तक्रार लिहिशील?" मी लगेच म्हटलं, "हो मॅडम." फार लगेच म्हटलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आईला नवाच खेळ सापडला आहे. पोळ्या लाटता लाटता हाक मारते, "सिस्टर! चार नंबरचा पेशंट जेवाले मागून राहिला!" चार नंबर म्हणजे बाबा. ते लगेच दिवाणावर आडवे. "सिस्टर, सुई नका टोचू वं मले, मी गरीब माणूस!"

आई म्हणाली, "गरीब? याले डबल टोचा."

हसून हसून माझं पोट दुखलं. मग आई लाटणं थांबवून म्हणाली, "तिथं सिस्टरवानी रुबाबात राहजो. मले काम सांगाले लाजू नको."

पुढची पोळी करपली. तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

बाबांबरोबर एसटीने उमरेडला जाऊन आले. हॉस्पिटल स्वच्छ आहे. डॉक्टर मॅडम भल्या वाटल्या. आत्याने आधीच खोली झाडून ठेवलेली. "ये वं पोरी, मले बी कोणी बोलाले पायजे."

वॉर्डात एक म्हातारी होती, मांडीचं हाड मोडलेली. चादर ओली झाली होती आणि तिथल्या दोघी नर्स तिला उचलायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, थांबा. तिच्या दुखऱ्या पायाला आधार देऊन तिला हळूच कलतं केलं, ओली चादर पाठीपर्यंत गुंडाळली, तिच्यालगत कोरडी अंथरली, मग तिला किंचित दुसरीकडे कलवून ओली काढून घेतली आणि कोरडी पसरली. म्हातारी कण्हली नाही. डॉक्टर मॅडम पाहत होत्या. "छान! कुठे शिकलीस?"

"कॉलेजात."

खोटं. मी आठवीत होते. बाबांचा पाय मोडला होता, दीड महिना ते पडून होते. आई ड्युटीवर जायची, म्हणून तिने मला शिकवलं. "अंगाखालून चादर ओढायची नाही, मिने. माणूस आहे, पोतं नाही." कॉलेजात हाच धडा आला तेव्हा मला तो पाठ होता.

आणि मी "कॉलेजात" म्हटलं तेव्हा बाबा दारातच उभे होते. ज्यांच्यावर शिकले तेच. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाबांनी आईला सांगितलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "काय सांगाचं त्याच्यात?"

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ठरलं. उमरेड. आईला माझ्या हाताखाली राबावं लागू नये म्हणून.

वाक्य चांगलं दिसतं. फार चांगलं दिसतं, म्हणून दुसरं लिहिते: उमरेडला मी कुणाची मुलगी हे कुणी विचारणार नाही. यातलं कोणतं कारण पहिलं, ते मला सांगता येत नाही. खरंच येत नाही.

आई मेथी निवडत होती. तिला सांगितलं. "काहून? तीन वर्षं सर्जरी सर्जरी करून डोकं खाल्लं माझं, अन् आता उमरेड?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी काही नको करू वं बाई. माझं मी पाहून घेतलं."

म्हणजे काय, विचारलं. तिने मेथीची गड्डी माझ्या मांडीवर टाकली. "निवड."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बर्डीच्या बाजारात अंजनाबाई भेटल्या. आईच्याच वॉर्डातल्या, तिच्या जोडीने काम करणाऱ्या. दुरूनच ओरडल्या, "काहून वं सिस्टर! तुह्या मायले वॉर्डातून हाकललं का तू?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. आईने बदलीचा अर्ज दिला आहे. तळघरात, लाँड्रीत. कारण — गुडघे दुखतात. "लाँड्रीत तं दिवसभर उभंच राहा लागते! मेट्रन बी चिडली. म्हणे, विचार कर, मी अर्ज असाच ठेवते."

घरी येऊन बाबांना विचारलं. अर्ज त्यांनीच लिहून दिला होता. तीन तारखेला, माझ्या मुलाखतीच्या दिवशी. पत्र यायच्याही आधी! म्हणजे पोळ्या लाटताना ती ‘लाजू नको’ म्हणाली, तेव्हा अर्ज दिलेलाच होता.

आई त्या वॉर्डातल्या पेशंटांना वर्षांनंतरही नावानिशी ओळखते. तो वॉर्ड ती माझ्यासाठी सोडते आहे. मला तिची लाज वाटते हे तिला त्या बादलीच्या दिवशीच कळलं असणार. म्हणून माझ्या नजरेसमोरून बाजूला होते आहे. आणि मी इथे "आईसाठी" म्हणून लिहीत बसले.

आज तिच्यासमोर जेवले, पण वर पाहवलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी ती वेणी घालत होती. सगळं बोलून टाकलं. बादली, मुग्धा, कॉलेजात शिकले म्हटलं ते, सगळं.

ती आरशातूनच म्हणाली, "तुले काय वाटते, मी तुह्या लाजेपायी चालली लाँड्रीत? मी माझ्या तोंडाले भिऊन राहिली. तू नवी. कुठंतरी चुकशीन. अन् मी भर वॉर्डात ओरडीन — मिने, असं नाही धरत पेशंटले! मंग तुले कोण सिस्टर म्हणन?"

म्हटलं, ओरड. माझी चूक पेशंटला लागण्याआधी कुणी ओरडणार असेल तर ते मला हवं आहे. सगळ्यांसमोर ओरडलीस तरी.

"मंग रडाचं नाही."

"नाही रडणार." हे खरं नाही. रडेन.

उमरेडच्या डॉक्टर मॅडमना फोन करून नाही म्हणून कळवलं. चादर बदलायला आईने शिकवलं होतं, तेही सांगितलं. मेट्रन मॅडम आता सोमवारीच भेटतील. सोमवारी, १७ नोव्हेंबरला, सकाळी आठला दोघी जाणार. ती अर्ज परत घ्यायला, मी रुजू व्हायला.