मौनस्वामींच्या घराचं दार

मी, तैयलनायकी, कैलासवासी पोन्नंबलम् पिळ्ळै यांची पत्नी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा खानावळ, राहणार दक्षिण सन्निधी रस्ता, पुळियंतुरै, कुंभकोणमजवळ, हे माझे शेवटचे इच्छापत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. खात्री करायला त्यांनी मला आजचा वार विचारला. मी म्हटलं, "गुरुवार. दक्षिणामूर्तीला चण्यांची माळ असते, माझ्याकडे चार पायल्या चणे भिजलेत. तुम्हाला हवेत का?" एवढं त्यांना पुरलं. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. ज्यांना करायची आहे त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

हे पत्र माझे तेराव्याचे जेवण झाल्यावर घराच्या ओट्यावर मोठ्याने वाचावे. वाचणारे निवृत्त पोस्टमास्तर मुत्तुकुमारस्वामी, कारण त्यांचा आवाज खणखणीत आहे आणि दुसऱ्याची पत्रं वाचायची त्यांना सवय आहे. धाकट्या दिरांनी मधे बोलू नये. माझी मुलगी मंगैयर्क्करसी, म्हणजे आमची मंगै, हिने हवं तर रस्त्यावर उभं राहून ऐकावं, पण ऐकावं. आजवर मी तिच्या घरी जाऊन तिच्या अप्पांचा विषय काढला की ती "अम्मा, त्यांचं नाव काढू नकोस" म्हणून उठून जायची. मेलेल्या माणसाला गप्प बस म्हणता येत नाही, ही एक सोय आहे.

कलम पहिले. खानावळ, तिथली भांडी, दोन्ही ग्राइंडर आणि रसमच्या मसाल्याचं प्रमाण चेल्लम्माला द्यावं. ती माझ्याबरोबर चुलीपुढे म्हातारी झाली. प्रमाण कागदावर नाही, तिच्या हातात आहे, तेव्हा ते तिला आधीच मिळालं आहे असं समजावं.

कलम दुसरे. शेजारच्या अंजलैने माझा इडलीचा मोठा पितळी डबा नातवाच्या बारशाला नेला. त्या नातवाला आता मिशी फुटली. डबा तिच्याकडेच राहू द्यावा, पण मी विसरले नव्हते हे तिला सांगावं.

कलम तिसरे, आणि हे जरा लांबेल. माझ्या यजमानांविषयी.

ते मुळात मौनी वगैरे काही नव्हते. अहो, कसले मौनी! तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. भाताच्या गिरणीवर मुकादम होते, गिरणीच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, ती घरीही सुटायची नाही. रागावले की जीभ तलवारीसारखी चालायची आणि रात्री मला विचारायचे, "मी फार बोललो का गं?" त्यांना स्वतःलाच माहीत नसायचं.

अशा माणसाने एका दिवशी बोलणं थांबवलं ते मरेपर्यंत थांबवलं. अठ्ठावीस वर्षं. गाव पाया पडू लागलं. ओट्यावर बसायचे, समोर माणसं बसायची. कोणी कोर्टाचं विचारी, कोणी लग्नाचं. हे नुसते बघत. माणूस घटकाभर बसून उठायचा आणि म्हणायचा, "उत्तर मिळालं." काय मिळालं ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. धाकटे दीर तिल्लैनायगम मात्र सांगत. ते बाजूला बसून स्वामींच्या न बोलण्याचा अर्थ लावत. माझ्या नवऱ्याने जांभई दिली तरी ते म्हणायचे, "स्वामी म्हणतात, संसार हा आळस आहे."

गाव त्याला मौन म्हणत होतं. मंगै त्याला अबोला म्हणत होती. मी पडले चौकस बाई. मला नक्की काय ते जाणून घ्यायचं होतं.

म्हणून मी परीक्षा घेतल्या. सांबारात मीठ घातलं नाही, जेवले. दुसऱ्या दिवशी मूठभर घातलं. तांब्याभर पाणी प्यायले आणि माझ्याकडे बघून हसले. म्हणजे माझ्यावर राग नव्हता. अबोल्यात माणूस असं हसत नाही, हे कुठल्याही बाईला विचारा.

मग मी देवळात पुजारी स्वामिनाथ गुरुक्कळांना गाठलं. म्हटलं, "मौन म्हणजे काय हो?"

ते म्हणाले, "दक्षिणामूर्तीला विचार. वडाखाली बसून न बोलता शिकवणारा गुरू तो. त्याच्यापुढे बसलेले म्हातारे ऋषी शंका घेऊन आले आणि गप्प राहून शहाणे झाले."

"तो तर बोलत नाही."

"हेच उत्तर."

"असली उत्तरं द्यायची तर मग दक्षिणा कशाला घेता?" मी म्हटलं. ते हसले, पण दक्षिणा घेतलीच.

काशीचे एक पंडित आमच्याकडे जेवायला येत. त्यांनी मला पायऱ्या सांगितल्या. पहिली, तोंड मिटायचं. दुसरी, डोळे-कान-हात यांचीही बडबड थांबवायची. तिसरी काष्ठमौन, म्हणजे खूण नाही, लिहिणं नाही, माणूस लाकडासारखा. मी विचारलं, "आणि शेवटची?" म्हणाले, "आत दाबून धरायला काही उरतच नाही, ती." मी विचारलं, "यातल्या कुठल्या पायरीवरचा माणूस आपलं ताट उचलून ठेवतो?" पंडितजींनी त्या दिवशी स्वतःचं पान उचललं.

आता मूळ गोष्ट. पोस्टमास्तर, इथे जरा सावकाश वाचा.

मंगैने नागपट्टणमच्या आरोग्यसामी मास्तरांशी लग्न केलं. माणूस ख्रिस्ती, पण देवमाणूस. लग्नानंतर दोघं आशीर्वादाला आली तेव्हा हे देवळात दक्षिणामूर्तीसमोर माळ घेऊन उभे होते. तिथेच तोंड सुटलं. "माझा उंबरा ओलांडायचा नाही," असं म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढे मुलीच्या कुशीबद्दल एक शब्द बोलले. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. गुरुक्कळांनी आरती मधेच खाली ठेवली. त्या मूर्तीच्या सन्निधीत बोललेलं खरं ठरतं असं आमच्याकडे लहान पोरंसुद्धा मानतात.

मंगै तेव्हा रडली नाही. म्हणाली, "अप्पा, आता तुम्ही स्वतःच्या तोंडाने 'ये' म्हणाल तेव्हाच मी येईन." बापाचीच लेक.

वर्षाने तिचं पहिलं बाळ आठवड्याचं होऊन गेलं. तार आली त्या दिवसापासून हे बोलले नाहीत.

मला तेव्हा वाटलं, दुःख आहे, उतरेल. पाटीवर लिहायचे: पाणी, ताक, छत्री. दोन वर्षं तशी गेली. मग मंगैचं मला पत्र आलं की तिला पुन्हा दिवस गेलेत. मी यांच्यापुढे ते मोठ्याने वाचलं. हे उठले, पाटी अंगणातल्या दगडावर आपटली, आणि येऊन बसले ते लाकूड होऊन. खूण नाही, नजर नाही. हाताला धरून जेवायला बसवावं लागे. दिरांनी गावभर सांगितलं, "स्वामी काष्ठमौनात चढले!" गर्दी दुप्पट झाली. माझ्या खानावळीत भात पुरेना.

बाळंतपणाची तार मुत्तुकुमारस्वामी स्वतः घेऊन धावत आले. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी ती वाचून दाखवली. लाकडाने मान वर केली. मग मला खुणेने सांगितलं, पायसम कर. आणि ओक्साबोक्शी रडले. दीर बाहेर सांगत होते, "स्वामी समाधीतून उतरले." मी आत वेलदोडे सोलत होते आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

रात्रीपर्यंत थांबवेना. तिथेच चुलीपाशी विचारलं, "तुमचा तो शब्द खरा झाला असं वाटतं तुम्हाला? म्हणून तोंड बांधलंत?"

त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवून दाबला. घट्ट. माझी बोटं दुखली.

म्हणजे बघा. माणसं यायची ती या आशेने की एवढ्या तपाने स्वामींची वाचा सिद्ध झाली असेल. कधीतरी एक शब्द बोलतील आणि आपलं भलं होईल. आणि हा माणूस गप्प होता तो आपली वाचा फळते या धास्तीने. नातीच्या वाटेत नजरेनेही आडवं येऊ नये म्हणून लाकूड होऊन बसला होता.

मी म्हटलं, "मंगैला कळवते." त्यांनी हात जोडले. नको. बापाच्या शब्दाने बाळ गेलं असं तिच्या मनात भरेल, याची भीती. मी वचन दिलं. ते त्यांच्या हयातीपुरतं होतं असं मी धरते. वर भेटले की काय ते भांडून घेऊ.

म्हणून मंगै, आधी हे ऐक. तुझं बाळ कोणाच्या शब्दाने गेलं नाही. त्याच्या हृदयाला जन्मतःच भोक होतं, तिरुचीच्या डॉक्टरांनी तुला सांगितलंच होतं. मी यांनाही शंभरदा सांगितलं. त्यांना पटलं नाही. तुला पटेल, तू शिकलेली आहेस.

आता ती दुसरी गोष्ट. ती मुलगी, आपली तेन्मोळी, चालायला लागली तेव्हा तू तिला घेऊन आलीस. पायरीखाली उभी राहिलीस. अप्पा ओट्यावर होते. तू म्हणालीस, "एक शब्द, अप्पा. एकच." मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अगं ये ना आत!" तू म्हणालीस, "तुझं नाही अम्मा, त्यांचं हवं." ते उठले. दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली आणि आत निघून गेले. तुला वाटलं, पाठ फिरवली. तू उलट्या पावली गेलीस. मी धावत कोपऱ्यापर्यंत आले तर रिक्षा वळलेली.

परत आले तर ते तुम्हा दोघींची वाट मोकळी करून न्हाणीघरापाशी भिंतीला टेकून उभे होते, दाराकडे डोळे लावून. दारातून कोणी आलं नाही हे त्यांना समजायला बराच वेळ लागला.

त्या दिवसापासून त्यांनी दार लावू दिलं नाही. मी कडी लावायला गेले की मधे उभे राहत. चोरांनी माझं घंगाळ नेलं, दोन समया नेल्या; तरी नाही. गाव म्हणालं, "स्वामींचं दार सर्वांना उघडं." काहीतरीच! सर्वांना कशाला उघडेल? ज्या एका माणसासाठी उघडं होतं तो येत नव्हता, म्हणून बाकीचे येत होते.

मौन की अबोला, हे मला विचाराल तर मी असं सांगेन. आधी नुसती भीती होती. मग ते प्रायश्चित्त झालं. शेवटच्या वर्षांत काय होतं त्याला माझ्याकडे नाव नाही. तेन्मोळी रेडिओवर बोलायला लागली; सकाळी गाणी लावते, मधे मधे अखंड बडबडते, आजोबांवर गेली आहे. हे रेडिओ मांडीवर घेऊन बसायचे आणि मोठ्याने हसायचे. धास्ती कुठे गेली कोण जाणे. मी शेजारी बसून कढीपत्ता निवडायची. ग्राइंडर थांबल्यावर जसे मागच्या आवारातले कावळे एकदम ऐकू येतात, तसं काहीतरी मला त्यांच्याजवळ बसून व्हायचं. पंडितजींची शेवटची पायरी हीच का, हे मला माहीत नाही. विचारायला आता दक्षिणामूर्तीच उरला आहे, आणि त्याची उत्तरं तुम्हाला ठाऊक आहेत.

कलम चौथे. घर. घर माझ्या नावावर आहे, खानावळीच्या कमाईचं आहे. धाकटे दीर म्हणतात, स्वामींनी ते मठाला दिलं. कसं दिलं? तर गर्दीसमोर त्यांनी विचारलं, "स्वामी, इथे मौनमठ करू ना?" स्वामी गप्प. म्हणे मौन हीच संमती. तिल्लैनायगम, अहो, त्या हिशोबाने तर त्यांनी तुमच्या प्रत्येक मूर्खपणाला संमती दिली होती! परवा मला म्हणालात, "अण्णी, पुण्यतिथीला मोठे कर्णे लावू, दाराला चांदीचा पत्रा मारू." मौनस्वामींना कर्णा! तुम्हाला मी फुटक्या पाटीचे तुकडे देते. त्यांची पूजा करा, चौकटीत घाला, पण त्यावर काय लिहिलं होतं असं कोणी विचारलं तर खरं सांगा: ताक, छत्री. तुम्ही त्यांच्यावर माया केलीत, ओट्यावर उन्हापावसात बसलात, हे मी विसरलेले नाही. रोज दुपारचं जेवण चेल्लम्माकडे, तुमच्या हयातीपर्यंत. पैसे घेऊ नयेत.

घर, ओटा, विहीर, मागची दोन नारळाची झाडं आणि दार मी माझी मुलगी मंगैयर्क्करसी हिला देते. अट एकही नाही. विकायचं तर विक. राहायचं तर भरपूर बोलत राहा. या भिंतींनी फार दिवस काही ऐकलेलं नाही.

कलम पाचवे. ही सही झाल्यावर मी देवळात जाणार आहे. बाहेर पडताना चंडिकेश्वर लागतो, शिवाच्या मालमत्तेचा राखणदार. लोक त्याला बहिरा समजून टाळ्या वाजवतात. टाळी नसते तिथे; तो ध्यानात असतो, त्याला नुसते रिकामे तळवे दाखवायचे, की बाबा, इथलं काही घेऊन जात नाही. हे मला यांनीच शिकवलं, न बोलता, माझे टाळी वाजवणारे हात धरून. आज मी तसे तळवे दाखवीन. मुठीत एकच गोष्ट उरली होती, ती वर लिहून दिली.

मरणाऱ्या माणसाचा शब्दही खरा होतो म्हणतात. यांच्या भीतीचा थोडा वाटा मलाही आला आहे, म्हणून जपून लिहिते. मंगै, तुझी कूस धन्य झाली, तुझं घर भरलेलं राहो, तुझ्या मास्तरांना दीर्घ आयुष्य लाभो, तेन्मोळीचा आवाज कधी बसू नये.

आणि आता वर बघ, पोरी. पोस्टमास्तर, तुम्ही थांबा, पुढचं तिने ऐकेपर्यंत घाई करू नका. माझे तेरा दिवस झाले, घरात कोणी नाही, तरी दार उघडं असेल. मी चेल्लम्माला बजावून ठेवलं आहे. तू एक शब्द मागितला होतास. तो हाच. तुझ्या बापाने तो तुझ्या डोळ्यांदेखत दोन्ही हातांनी उच्चारला होता.

सही: तैयलनायकी

साक्षीदार एक: स्वामिनाथ गुरुक्कळ, अर्चक. तो शब्द मी त्या दिवशी ऐकला होता. बाईंनी लिहिलेलं खरं आहे. आजची दक्षिणा घेतली नाही.

साक्षीदार दोन: मुत्तुकुमारस्वामी, निवृत्त पोस्टमास्तर. दोन्ही तारा मीच आणल्या होत्या. हेही मीच वाचीन.

स्थळ: पुळियंतुरै, घराचा ओटा
दिनांक: गुरुवार, मासी महिना, सन दोन हजार अठरा