जांभळ्या डोक्याचे पोपट

८ मार्च, रविवार

अजून विश्वास बसत नाही. आज हिंजवडीला दादाकडे गेले होते. चहा घेताना सहज विचारलं, "दादा, ते जांभळ्या डोक्याचे पोपट आता कुठे बसतात?" लहानपणी ज्वारी भरली की त्यांचे थवेच्या थवे यायचे.

दादा हसलाच नाही. "अगं, ते जाऊन वर्षं झाली. ज्वारी नाय, बाभळी नाय, शेतात आयटीच्या इमारती, येतील कशाला? तुला आज आठवलं व्हय?"

दर दिवाळीला माहेरी जाते, आणि मला कळलंही नाही? एवढं उठून दिसणारं जांभळं डोकं!

तेवढ्यात वहिनी गच्चीवरून ओरडली, "वन्सं, पोपट आलाय बघा!" धावत गेले. टाकीवर भलाथोरला हिरवा पोपट, खांद्यावर लाल डाग. असला पोपट आमच्या गावात कधीच नव्हता. म्हटलं, कुणाच्या पिंजऱ्यातून सुटला असेल.

"सुटतोय कशाचा! त्या वाळल्या नारळाच्या ढोलीत पिल्लं हायत त्याची," वहिनी म्हणाली.

कठड्यावरून वाकून पाहिलं. खरंच, ढोलीतून एक लाल चोच बाहेर आली.

मागून दादा म्हणाला, "त्यांचं गाव हाय आता हे."