दाराबाहेरच्या चपला

गुरुवार, संध्याकाळ

आज डोकं जड झालंय. म्हातारपणाच्या पेन्शनसाठी हयातीचे दाखले देण्यात सकाळ गेली. माणूस जिवंत आहे असं मी, तलाठ्याने, लिहून द्यायचं, तेव्हा कुठे त्याचं पेन्शन पुढे सुरू राहतं.

तानाबाई नदीपलीकडच्या टोल्यावरून, तिथल्या छोट्या वस्तीवरून, पायी आली. दरवर्षीप्रमाणे चपला तिने ऑफिसच्या दाराबाहेर काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा, आणि गार फरशीवर अनवाणी उभी राहिली. मी म्हटलं, "बाई, चपला घालून या ना. पेन्शन तुमच्या हक्काचं आहे, कोणी उपकार नाई करत." दरवर्षी हेच म्हणतो. म्हणताना मलाच बरं वाटतं, हेही खरं.

अंगठ्याची शाई लुगड्याला पुसत ती म्हणाली, "हक्काचं हाये, त मी जित्ती हाओ मनून दरसाली सांगाले काऊन बलावता, भाऊ?"

मेलेल्यांच्या नावावर लोक पैसे उचलतात, म्हणून हा नियम. मला पाठ आहे. पण तिच्या तोंडावर सांगवेना. दाखल्यावर शिक्का मारला. चपला तशाच बाहेर राहिल्या.

दुपारी तहसीलला गेलो. आईच्या आजारपणासाठी मागितलेली माझी रजा महिनाभर अडकली आहे. नियमात बसणारी, हक्काची रजा. साहेबांपुढे हात जोडून उभा राहिलो, "तेवढी कृपा करा" म्हणालो. पायांना फरशी गार लागली तेव्हा खाली पाहिलं.

माझ्या चपला दाराबाहेर होत्या. काढा असं कोणी म्हटलंच नव्हतं.