कोऱ्या ट्यूबमधली पट्टी

२८ मार्च २०१६, सोमवार. सकाळी ८.१०
लातुरात पाण्याचा टँकर आठवड्याला एकच. मॅडम म्हणाल्या, लॅबमधल्या प्रत्येकाने काहीतरी पाणी वाचवा. माझं लगेच ठरलं. टेबलावरचा ओला स्पंज बंद. ट्यूबच्या पिशव्या इतक्या पातळ, की बोट ओलं केल्याशिवाय तोंड सुटत नाही, ग्लोव्ह घालून तर नाहीच. म्हणून उजवा ग्लोव्ह काढायचा, बोट जिभेला लावायचं, पिशवी उघडून ट्यूब मांडायच्या, ग्लोव्ह परत घालायचा. रोज एक वाटी पाणी वाचतं. वर्षाच्या ३६६ वाट्या. दुरुस्ती: २९ फेब्रुवारी होऊन गेला, म्हणून ३६५.
कुणाला सांगितलं नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं.

३० मार्च, बुधवार
उदगीरच्या शिबिरातले डीएनए आज लावले. थॅलेसेमियाची तपासणी. प्रत्येकाच्या दोन ट्यूब, एक साधी, एक जनुकातला बदल शोधणारी. बदलाच्या ट्यूबची जेलवर पट्टी दिसली, की माणूस वाहक. वाहकाला स्वतःला काही होत नाही. पण नवराबायको दोघंही वाहक निघाले, तर मुलाला रक्त चढवत राहावं लागू शकतं.
नंबर १७ म्हणजे शिवगंगा. चंद्रप्पामामांची मुलगी. आमचं लग्न अक्षय तृतीयेला, नऊ मेला.
पट्टी दिसली. फिकट, पण दिसली.
मॅडमची सही होईपर्यंत रिपोर्ट बाहेर सांगायचा नाही, असा नियम आहे. मी तो काटेकोर पाळतो. फक्त आईला सांगितलं.

३१ मार्च, गुरुवार
आईने मामांना सांगितलं. मामांचा फोन. म्हणाले, बापू, आमच्या घरात असलं काई न्हाई, तुमची मशीन बघा आधी. कार्डं छापून आलीत. कार्डावर 'जिल्हा उदगीर' टाकलंय, उदगीर वेगळा जिल्हा येत्या महिन्यात होणारच, म्हणे. मी म्हणालो, अजून जाहीर झालेला नाही. ते म्हणाले, पोरीचं बी अजून जाहीर झालं न्हाई, तरी तू बोललासच की.
मग शिवगंगाने फोन घेतला. तुमचं तपासलं का, विचारलं. मी म्हणालो, मी लॅबमध्येच असतो. ती म्हणाली, कंडक्टर रोज गाडीत असतो, म्हणून त्याचं तिकीट निघतं का?
मला हे आवडलं नाही. विचार करून कळवतो, असं सांगितलं.

२ एप्रिल, शनिवार
विचित्र. प्रत्येक खेपेला एक ब्लँक ठेवतात. त्यात कुणाचाच डीएनए नसतो, नुसतं शुद्ध पाणी. ती कोरीच राहायला हवी. आज त्या ब्लँकलाही बदलाची पट्टी. नरसिंगभाऊ इथले सीनियर. ते म्हणाले, सिद्धू, लातूरच्या पाण्याला थॅलेसेमिया झाला की रे! आधीच पाणी न्हाई, त्यात आजारी.
सगळे हसले. पाण्याचा कॅन बदलायला लावला.

५ एप्रिल, मंगळवार
पुन्हा पट्टी. शिवाय चार पेशंटनाही तशीच फिकट.
संशयितांची यादी केली. १. पाणी. २. नरसिंगभाऊंचा तंबाखू. ३. एसीची धूळ. ४. जुने पिपेट. एकूण अकरा कलमं. यादी मीच केल्यामुळे मी तीत नाही.

७ एप्रिल, गुरुवार
नांदेडहून नवीन सीलबंद कॅन. पट्टी आहेच. मॅडमने सगळे रिपोर्ट थांबवले. १७ नंबरसुद्धा.
पण शिवगंगाची पट्टी खरी आहे, अशी माझी खात्री आहे. त्यावर मी आठ दिवस विचार केलाय.
निर्णय: तिला मोठ्या मनाने स्वीकारायचं. तसं पत्र लिहिलं. तीन अटी. एक, आजाराबद्दल तिने बाहेर बोलू नये. दोन, माझ्या आईशी नम्रतेने वागावं. तीन, मी केलेल्या त्यागाची जाणीव ठेवावी. दोनदा कच्चं, मग पक्कं. पोस्टात टाकलं. छाती हलकी झाली.

९ एप्रिल, शनिवार
मॅडम सकाळपासून माझ्या मागे उभ्या. मी नेहमीप्रमाणे काम केलं. ग्लोव्ह काढला, बोट लावलं, पिशवी उघडली.
मॅडमने विचारलं, बोट कुठं लावलंस?
मी पाणीबचतीचा हिशेब सांगितला. ३६५ वाट्या.
नरसिंगभाऊ पहिल्यांदाच हसले नाहीत.
मॅडमने कापसाच्या काडीने माझ्या गालाच्या आतून नमुना घेतला. सगळे नमुने नव्याने नांदेडच्या लॅबला. फक्त प्रक्रिया म्हणून असणार.

१२ एप्रिल, मंगळवार
रेल्वेने पाणी आलं. सगळे स्टेशनवर बघायला गेले. मी गेलो नाही. गाल आतून सारखा चाचपतोय. काही लागत नाही.

१५ एप्रिल, शुक्रवार. दुपारी
नांदेडचा निकाल. चारही पेशंट साफ. १७ नंबर साफ.
कर्मचारी क्र. १: वाहक.
ब्लँकमधली पट्टी माझी होती, बोटावरच्या थुंकीतली. १७ नंबरमधली पण.
रिपोर्ट मलाच टाइप करावा लागला. मॅडम म्हणाल्या, घाबरू नकोस, मुलगी साफ आहे, तुमच्या लग्नाला काहीच अडचण नाही. म्हणजे सगळं उत्तमच झालं. ताबडतोब उदगीरला फोन केला. शिवगंगाला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, तुमचं पत्र मिळालं. तीन अटी वाचल्या.
मी म्हणालो, त्या आता रद्द.
ती म्हणाली, विचार करून कळवते.

२४ एप्रिल, रविवार
मी आठ दिवस घेतले होते, म्हणून काल फोन येईल असं धरलं होतं. उदगीरचं नेटवर्क खराब असतं.
आईने मामांना फोन लावला. मामा म्हणाले, अक्का, कार्डं परत छापायला टाकलीत, जिल्ह्याचं काई खरं न्हाई. म्हणजे तारीख तीच. लग्न आहे. मामांना शेवटी जिल्ह्याचं पटलं, याचं समाधान वाटलं.

५ मे, गुरुवार
कार्ड आलं. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत होतं. बोट तोंडाकडे गेलं. थांबलो. स्पंजवर ओलं केलं, मग पिशवी उघडली.
जिल्हा लातूर. वधू तीच, तारीख तीच. वर भालकीचा, चि. ईश्वरप्पा.
खाली पेनाने, शिवगंगाच्या अक्षरात: यांचं तपासून घेतलंय.