जन्माचं वजन

प्रिय ताई,

आज डॉक्टरांनी लेकीचं जन्माचं वजन विचारलं. पंधरा वर्षांची झाली, तरी जिना चढताना तिला धाप लागते. मी बेधडक सांगितलं, "अडीच किलो."

खरं तुला ठाऊक आहे. दीड किलोच्या त्या जिवाला तूच रात्रंदिवस छातीशी धरलं होतंस. आणि तूच म्हणालीस, "पोटुशी असून रंगाच्या कारखान्यात राबलीस, त्याचं हे फळ." त्या एका वाक्यावरून मी तुझ्याशी बोलणं सोडलं.

"दीड किलो, डॉक्टर," लेक शांतपणे म्हणाली. "मी जुनी फाइल वाचलीये."

माझी मान खाली गेली. डॉक्टर म्हणाले, "कमी वजनाच्या मुलांना पुढे दम्याचा धोका जरा जास्त असतो. पण कारणं अनेक असतात. स्वतःला दोष देऊ नका."

बाहेर आल्यावर लेकीनं विचारलं, "आई, इतकी वर्षं हे कुणालाच बोलली नाहीस?"

कुणाला बोलणार? मला तूच होतीस.

ती शिकवणीला गेली, घर खायला उठलं, म्हणून लिहायला बसले. पण पाकिटावर पत्ता काय घालू? तू घर बदललंस एवढंच कानावर आलं होतं. कुठे गेलीस, हे मी कधी विचारलंच नाही.

तुझीच,
धाकटी